गळ्यावरची गाठ ‘एका सुईत’ बसवणारे

दीड वर्षाची मुलगी, वजन नऊ किलो. मानेच्या डाव्या बाजूला जन्मापासून मऊ, दाबली की दबणारी गाठ. लिम्फॅटिक मालफॉर्मेशन, म्हणजे लसीकावाहिन्यांची जन्मजात पाणी भरलेली गाठ; जुन्या कागदांवर हिलाच सिस्टिक हायग्रोमा लिहिलेलं असतं. ‘ताई, एका सुईत बसेल, ऑपरेशनची भानगडच नाही,’ असं सांगून पॅकेजचे पैसे आगाऊ, रोखीने घेतले गेले. सुई टोचून पिवळसर पाणी काढलं, मान सपाट झाली, तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो. थोड्याच दिवसांत गाठ होती तेवढी. मग ‘दुसरा डोस’, पुन्हा पैसे.

नुसतं पाणी काढून ही गाठ जात नाही. पिशवीचं अस्तर शाबूत राहतं आणि ती पुन्हा भरते. तिच्यावरच्या सुईच्या खऱ्या उपचारात, स्क्लेरोथेरपीत, सोनोग्राफीवर बघत सुई आत नेतात, पाणी ओढून घेतात आणि मग त्याच वाटेने औषध सोडतात, बहुधा ब्लिओमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन. औषधाने अस्तर सुजतं, हळूहळू भिंती एकमेकींना चिकटतात. त्यामुळे खरा उपचार झाला की पहिले दोन-तीन दिवस गाठ बऱ्याचदा उलट फुगते, अंग तापतं, आणि ओसरायला कित्येक आठवडे जातात. पुढची खेप साधारण चार ते सहा आठवड्यांनी. टेबलावरच्या सपाट मानेचा फोटो दाखवून कोणी गिऱ्हाईक पटवत असेल, तर त्यात फक्त पाणी काढलेलं दिसतं.

बिलावर एकच ओळ: ‘इम्पोर्टेड इंजेक्शन, प्रोसिजरसह’. नाव नाही, बॅच नाही, मात्रा नाही. ब्लिओमायसिन आपल्याकडे 15 युनिटच्या कुपीत भुकटीच्या रूपात मिळतं, 2 ते 8 अंशांवर ठेवावं लागतं. मात्रा किलोमागे अर्धा ते एक युनिट, एका वेळी 15 च्या वर नाही. म्हणजे या मुलीला साडेचार ते नऊ युनिट. दर खेपेला अख्ख्या कुपीचे पैसे लागत असतील तर उरलेलं गेलं कुठे, हे विचारायलाच हवं. पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. हे औषध फुप्फुसांना इजा करू शकतं, म्हणून आयुष्यभरात एकूण किती गेलं याचा हिशेब ठेवावा लागतो. आधी नेमकं काय आणि किती टोचलं (की काहीच नाही?) हे कळलं नाही, तर पुढच्या डॉक्टरांचे हात बांधले जातात.

आणखी एक खूण. ब्लिओमायसिन दिल्यावर त्वचेवरची चिकटपट्टी ओरबाडून काढली किंवा खाजवलं, की तिथे तपकिरी डाग आणि रेघा उमटतात. जाणकार हे आधीच बजावतात. पट्ट्यांबद्दल कोणी अवाक्षरही काढलं नाही, तर शंका घ्यायला जागा आहे.

निदान न करता सगळ्यांना तीच सुई, हा दुसरा प्रकार. लहान बाळाची लाल, वाढत जाणारी हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) बहुतेक वेळा प्रोप्रॅनोलॉल या औषधाने आटोक्यात येते. हाताला धडधडणाऱ्या गाठीत रक्ताचा वेग इतका असतो की औषध टिकतच नाही, वाहून भलतीकडे जातं. तिथे एम्बोलायझेशन, म्हणजे रक्तवाहिनी आतून बंद करणं, लागतं. बारीक पिशव्यांच्या स्पंजासारख्या गाठीतून पाणी फारसं निघत नाही, गुण कमी येतो, कधी सिरोलिमस हे औषध द्यावं लागतं. हे वेगळं ओळखायला डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि बहुधा एमआरआय हवा. जिभेची किंवा तोंडाच्या तळाची गाठ तर आयसीयू नसलेल्या दवाखान्यात करूच नये, सूज आली की श्वासनलिका दबते.

पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: निदान, औषधाचं नाव, किलोप्रमाणे मात्रा, अंदाजे किती खेपा. प्रक्रियेनंतर रिकाम्या कुपीच्या लेबलाचा फोटो काढून ठेवा, बॅच नंबर दिसेल असा. फसवणूक झालीच असेल तर आधी उपचाराच्या नोंदींची प्रत लेखी अर्जाने मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मागितल्यापासून 72 तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्या हातात आल्या, किंवा नाकारल्याचा पुरावा मिळाला, की महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि जिल्हा ग्राहक आयोग, दोन्हीकडे तक्रार करता येते.