कूपरच्या नोटांचा खोका: पैसे वसूल, पण हिशोब जुळत नाही

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी तीन. अडीच देणार होते पण नातवाने आठ दिवस मोबाईलला हात लावला नाही, त्याचा अर्धा स्टार वाढवला.

हा एक मिस्टरी गेमचा खोका आहे, न सुटलेल्या केसची फाईल घरपोच टाईप. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये. मुलीने परदेशातून मागवला, किंमत वेगळी, कुरिअर वेगळं आणि वर कस्टमवाल्यांनी जे लावलं ते वेगळंच. खोका उघडल्यावर आत एक नकाशा, विमानाच्या तिकिटाची नक्कल, काळा क्लिपवाला टाय (हा छान आहे, नातू शाळेच्या गॅदरिंगला लावून गेला), काही पुरावा कार्डं, सहा थिअरी कार्डं, एक सीलबंद पाकीट ज्यात म्हणे उत्तर आहे, आणि वीस डॉलरच्या कुजक्या नोटांची एक गड्डी. नोटा खोट्या अर्थातच. मी एकतीस वर्षं सांगलीत एका सहकारी बँकेत कॅशला होते, त्यामुळे बाकी सगळं बाजूला ठेवून माझा हात आधी गड्डीकडे गेला, हे वेगळं सांगायला नको.

ज्यांना केस माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. २४ नोव्हेंबर १९७१, अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी डॅन कूपर या नावाने तिकीट काढून एक माणूस पोर्टलंडहून सिएटलच्या विमानात बसला, नॉर्थवेस्ट ओरिएंटचं बोईंग ७२७, हवाई सुंदरीला चिठ्ठी दिली की बॅगेत बॉम्ब आहे, दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट मागितले. सिएटलला पैसे मिळाले, ३६ प्रवासी सोडले, परत उडायला लावलं आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास शेपटीखालचा जिना उघडून पावसापाण्यात उडी मारली. डी. बी. कूपर हे प्रसिद्ध झालेलं नाव पेपरवाल्यांच्या गोंधळातून आलं, तो स्वतः कधीच डी. बी. म्हणाला नव्हता. माणूस आजपर्यंत सापडला नाही, एफबीआयने २०१६ मध्ये तपास थांबवला. एवढं पुरे, कारण माझ्या मते या केसमधली खरी मजा माणसात नाहीच, नोटांत आहे, आणि खोकेवाल्यांना नेमकं हेच कळलेलं नाही.

नोटा १०,०००. एक नोट साधारण एक ग्रॅम धरा म्हणजे दहा किलोच्या आसपास ओझं, पोटाला बांधून उडी मारायची. सिएटल फर्स्ट नॅशनल बँकेतून आलेली रोकड, प्रत्येक नोटेचा नंबर मायक्रोफिल्मवर घेतलेला, बहुतेक नंबर एल अक्षराने सुरू होणारे, कारण नोट काढणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचं (तिकडची रिझर्व्ह बँकच म्हणा) अक्षर एल. पुढे नंबरांची यादी लोकांसाठी जाहीर केली, पेपरांनी बक्षिसं लावली, पहिली नोट आणून देणाऱ्याला सिएटलच्या एका पेपरचे ५,००० डॉलर. एकही नोट कुठल्या काउंटरवर आली नाही. एकही नाही! कॅशियर म्हणून सांगते, चोरीची नोट आज ना उद्या कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये येतेच, इथे आली नाही.

आणि मग १० फेब्रुवारी १९८० ला आठ वर्षांचा ब्रायन इनग्रॅम घरच्यांबरोबर कोलंबिया नदीच्या काठावर गेलेला, शेकोटीसाठी वाळू सारखी करत होता, तर हाताला गड्ड्या लागल्या. जागेचं नाव टीना बार. (नातू म्हणे आजी, बारमध्ये लहान मुलांना सोडतात? अरे बाबा, हा बार म्हणजे नदीकाठचा वाळूचा पट्टा.) तीन गड्ड्या, दोन शंभर-शंभरच्या आणि एक नव्वदची. २९० नोटा, ५,८०० डॉलर. रबर बँड अजून जागेवर, नोटांचा क्रमसुद्धा बँकेने दिला तोच.

आता खोक्याकडे. पुरावा कार्ड नंबर चारवर छापलंय, ‘तीनशे नोटा, एकूण ५,८०० डॉलर’. अहो, तीनशे गुणिले वीस किती होतात? सहा हजार! म्हणजे दोनशे डॉलर तुमच्याच कार्डावर गायब. आमच्या बँकेत संध्याकाळी दहा रुपयांचा फरक आला तर हेडकॅशियर साहेब कुणाला उठू द्यायचे नाहीत, सगळ्या गड्ड्या परत मोजायच्या, शटर अर्धं खाली, घरून फोन येतायत. आणि ही माणसं छापून विकतात. बरं ती नव्वदची गड्डी हीच तर केसमधली सगळ्यात गमतीची गोष्ट आहे, दहा नोटा कुठे गेल्या हा प्रश्न खेळायला दिला असता तर मुलांनी डोकं खाजवलं असतं, यांनी तो प्रश्नच पुसून टाकला.

दुसरं म्हणजे नकली नोटांवर नंबर बी अक्षराने सुरू होतात. बी म्हणजे न्यूयॉर्क. एल पाहिजे. हे चिल्लर वाटेल पण यादी पाहून नोट जुळवा असं एक टास्क आहे आणि यादीतले नंबर सगळे एलचे, मग जुळणार कशा? नातू रडकुंडीला आला. आणि गड्डीला रबर बँडऐवजी कागदी पट्टी, म्हणजे ज्या रबर बँडवर इतकी वर्षं वाद चाललाय तोच नाही.

नोटांच्या कडा मात्र गोलसर कुरतडल्यासारख्या कापल्यात, ते बरोबर आहे. खऱ्या नोटा पाहून जलतज्ज्ञांनी म्हटलं होतं की कडा गोल झिजल्यात, नोटा एकमेकींना चिकटून लगदा झालाय, म्हणजे हे नदीचं काम, कुणी पुरून ठेवलेल्या नोटा अशा दिसत नाहीत. हे वाचलं आणि मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. कृष्णेचं पाणी उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी लोक बँकेत यायला लागले, कुणी कॅरीबॅगमध्ये, कुणी स्टीलच्या डब्यात भिजलेल्या नोटा घेऊन. २००५ लाही आलेले पण २०१९ ला फार. पुराची गड्डी हातात घेतली की पहिलं कळतं म्हणजे वरच्या-खालच्या दोन-चार नोटा चिखलाने गेलेल्या, चारी कोपरे बोथट, आणि मधल्या नोटा पापडाच्या ओल्या लाट्यांसारख्या एकमेकींना धरून बसलेल्या. कोपऱ्यातून नखाने सोडवायच्या, घाई केली की फाटल्या. पंख्याखाली पेपर पसरून वाळवत होतो, एक आजी तर इस्त्री करून घेऊन आल्या होत्या. आणि पुरून ठेवलेल्याही पाहिल्यात, एका शेतकऱ्याने गाडग्यात ठेवलेल्या. त्या वेगळ्याच, वाळवीने मधोमध भोकं पाडलेली, कडा तशाच. म्हणून जलतज्ज्ञांचं मला लगेच पटलं.

पण मग पुढचं अडतं. थिअरी कार्ड एक म्हणतं पैसे वरच्या अंगाला वॉशूगल नदीच्या खोऱ्यात पडले, तिथून वाहत कोलंबियात आणि खाली टीना बारला. तपासातल्या बऱ्याच लोकांना हेच आवडायचं. ठीक आहे, पण तीन गड्ड्या सुट्ट्या, नुसत्या रबर बँडच्या जिवावर इतकं अंतर वाहून येऊन एकाच ठिकाणी एकमेकींना चिकटून बसतील? आमच्या पुरात एका घरातल्या दोन चपला एका गल्लीत सापडल्या नाहीत! आल्या असतील तर बॅगेत आल्या, आणि बॅग तिथेच कुठेतरी फाटली.

कार्ड दोन गाळ काढायच्या मशीनचं. १९७४ मध्ये नदीतला गाळ उपसून त्या काठावर टाकला होता, त्यातून नोटा आल्या असतील. पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीचे भूगर्भतज्ज्ञ लेनर्ड पामर यांनी तिथे थर तपासून सांगितलं की नोटा त्या गाळाच्या थराच्या वर होत्या, म्हणजे नंतर आल्या. पुढे त्यांच्या थरांच्या वाचनावरही शंका घेतली गेली. पण उपसायच्या मशीनमधून रबर बँडसकट गड्डी निघणं म्हणजे मिक्सरमधून अख्खी लवंग निघण्यासारखं, एखादी निघेलही, तीन नाही.

कार्ड तीन, कूपरने किंवा कुणी दुसऱ्याने येऊन पुरल्या. कार्ड चार, जहाजाच्या पंख्यात बॅग अडकून ओढत आली. हे नातवाला फार आवडलं, त्याने चित्रही काढलं. कार्ड पाच, पोलिसांना चकवायला मुद्दाम टाकल्या. याला माझा एकच प्रश्न, चकवायला ५,८०० डॉलर आठ वर्षं वाळूत ठेवून कुणी सापडायची वाट बघेल का, एक नोट पोस्टाने पाठवली असती तरी काम झालं असतं.

कार्ड सहावर उडी मारण्याची जागा आणि नकाशा, इथे मात्र डोकंच फिरलं. सुरुवातीला शोध झाला तो एरियल गावाच्या आसपास, ल्युइस नदीच्या भागात. खोक्यातल्या नकाशात ल्युइस नदी टीना बारच्या वरच्या बाजूला कोलंबियाला मिळते, त्यामुळे सगळं कसं छान वाहत येतं. प्रत्यक्षात ती खालच्या बाजूला मिळते! म्हणजे एरियलला पडलेले पैसे टीना बारला यायला नदीला उलटं वाहावं लागेल. सगळी केस ज्या गोष्टीने बदलली, विमानाचा मार्ग आणि वारा परत हिशोबात घ्यायला लागले, ती गोष्टच नकाशात पुसलीय. सांगलीच्या माणसाला नदीचं वर-खाली कळतं हो, कोयना कृष्णेला कऱ्हाडात मिळते की सांगलीच्या खाली हे चौथीतलं पोरगं सांगेल.

आणि सगळ्यात भारी शोध यांनी घेतलाच नाही. २०२० मध्ये टॉम के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोटांवर अडकलेली सूक्ष्म शेवाळं, डायटम म्हणतात, ती मायक्रोस्कोपखाली पाहिली. जी सापडली ती उन्हाळ्याकडे वाढणारी, हिवाळ्यातली नाहीत. उडी नोव्हेंबरची, म्हणजे नोटा त्या रात्री थेट पाण्यात पडून वाळूत गेल्या नाहीत, काही महिने कोरड्या कुठेतरी होत्या आणि मग भिजल्या. आता महिने म्हणजे किती, आणि कुठे? झाडावर लटकलेल्या बॅगेत? कुणाच्या शेडमध्ये? याला म्हणतात कोडं. खोक्यात याचा उल्लेखच नाही.

मग आम्हीच प्रयोग केला, शास्त्रीय वगैरे काही नाही. भाजीवाल्याच्या मेथीच्या जुड्यांचे रबर बँड आमच्या किचनच्या दाराच्या कडीला अडकवलेले असतातच, सगळ्यांच्या घरी असतात, त्यातले सहा घेतले. जुन्या पासबुकाच्या कागदाच्या तीन गड्ड्या करून एक गच्चीत कुंडीवर उघडी, एक कुंडीतल्या वाळूत, एक बादलीत. जूनमध्ये ठेवल्या. बादलीतली आधी पंख्यासारखी उलगडली, मग दोन दिवसांत बुडाली. उघड्यावरच्या गड्डीचे बँड गणपतीपर्यंत तडकून तुटले, बोट लावलं तर कडकन्. वाळूतले मात्र दिवाळीत काढले तेव्हा ताणले जात होते, थोडे चिकट झालेले. म्हणजे उघड्यावर, उन्हापावसात त्या गड्ड्या फार काळ नसाव्यात असं आपलं मला वाटतं. टीना बारवरचेही बँड होते जागेवर, पण हात लावल्यावर भुगा झाले म्हणतात.

माझं मत विचाराल तर बॅग कुठेतरी वरच्या अंगाला बरेच महिने अडकून राहिली, एका पावसाळी पुरात निघाली, नदीत आली, फाटली ती टीना बारच्या जवळच. बाकीच्या ९,७१० नोटा गाळात. दहा नोटांचं काय? कडेच्या नोटा आधी जातात, एका बाजूची दहाची थप्पी पाण्याने खाल्ली असेल. चोराने दहा नोटा काढून नव्वद परत बांधल्या ही थिअरी ऐकायला गोड आहे, पण जो माणूस दोनशे डॉलर काढतो तो बाकीचे सोडून जात नाही.

सीलबंद पाकीट उघडलं तर आत एका माणसाचं नाव. अमुकच कूपर होता म्हणे, खेळ खलास. नाव लिहीत नाही, तो माणूस या गुन्ह्यात कधी दोषी ठरलेला नाही आणि या केसमध्ये असे संशयित ढिगाने झालेत. नोटा वाळूत कशा आल्या याला उत्तरात एक ओळ, ‘नदीने आणल्या’. आठ दिवस डोकं लावल्यावर हे!

जमेच्या बाजू पण सांगते. कागदाची क्वालिटी छान, टाय मस्त, तिकिटाची नक्कल बघण्यासारखी, इंग्रजी सोपं आहे, बारा वर्षांच्या मुलाला जमतं. खऱ्या नोटांचं पुढे काय झालं हे कार्डही चांगलं आहे, की १९८६ मध्ये त्या मुलात आणि विमान कंपनीच्या विमा कंपनीत वाटणी झाली, १४ नोटा एफबीआयने पुरावा म्हणून ठेवल्या, आणि २००८ मध्ये त्याने १५ तुकड्यांचा लिलाव केला तेव्हा साधारण ३७,००० डॉलर आले. फाटक्या नोटेला एवढा भाव, आमच्याकडे फाटकी नोट बदलून द्यायची म्हटलं तरी लोक तोंड वाकडं करतात.

कस्टमर केअरला मेल केला, तीनशेचा आणि नकाशाचा. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, खेळल्याबद्दल धन्यवाद, उत्तर सीलबंद पाकिटात आहे.

घ्यायचाच असेल तर सेलमध्ये घ्या, पूर्ण किमतीला नको. आमचा खोका आता खालच्या मजल्यावरच्या मुलीकडे गेलाय. देण्याआधी नातवाने पुरावा कार्ड चारवर पेनाने तीनशे खोडून २९० केलं, नकाशातली ल्युइस निळ्या स्केचपेनने खाली ओढली, आणि कागदी पट्टी काढून गड्डीला दाराच्या कडीवरचा एक रबर बँड लावला.