बिलाची बेरीज बरोबर होती

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, तेव्हा पलूस तालुक्यातील आमच्या गावाला स्वतःची नाव असली पाहिजे हे कोणाला पटवून द्यावे लागले नाही. तरुण मंडळाने ऊसबिलातून वर्गणी गोळा केली आणि एक फायबरची नाव व तिच्यासाठी २५ अश्वशक्तीची, दोन सिलिंडरची, जुनी टू-स्ट्रोक मोटर विकत घेतली. आपत्ती पथकातील लोक तिला ‘ओबीएम’ (आउटबोर्ड मोटर, नावेच्या मागे बाहेरून लावायची) म्हणतात. आमच्याकडे ती नुसती मोटर. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव, म्हणून मंडळाचा खजिनदारही मीच, आणि पुढे सांगतो ती फसवणूक माझ्याच सहीने झालेली आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची चाचणी घेताना मोटर दुसऱ्याच दोरीला सुरू झाली आणि पाण्याच्या पिंपात दहा मिनिटे बिनतक्रार चालली. मात्र नदीत चार माणसे बसवून पूर्ण वेग दिला की दोन-तीन मिनिटांत तिचा जोर ओसरे. आमचे वयस्कर नावाडी मामा टाकीच्या नळीवरचा रबरी फुगा हाताने दाबून बघत होते. ते म्हणाले, “सायेब, फुगा दाबला की पळतीया, सोडला की दम टाकतीया.” निदान तेथेच झाले होते. ते मला कळले नाही, एवढेच.

आम्ही मोटर शहरातील एका मेकॅनिककडे नेली. मामांचे निरीक्षण मी त्याला सांगितले, त्याने ते हसण्यावारी नेले आणि वरच्या सिलिंडरचा प्लग काढून तेथे कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधील दाब मोजणारा, गेज लावला. दोनदा दोरी ओढून त्याने मला साठच्या आसपास थांबलेला काटा दाखवला आणि पिस्टन, रिंगा व बोअर (सिलिंडरची आतली भिंत), सगळेच गेल्याचे सांगितले. ही तपासणी करताना दोन्ही प्लग काढलेले असावे लागतात, थ्रॉटल (इंजिनाला हवा देणारी झडप) पूर्ण उघडा असावा लागतो आणि दोन्ही सिलिंडरांचे आकडे घेऊन ते एकमेकांशी ताडून पाहावे लागतात, कारण एकट्या आकड्यापेक्षा दोहोंतील फरकच अधिक बोलका असतो आणि तो साधारण दहा टक्क्यांच्या आत असला तर चिंता नसते. त्याने खालचा प्लग जागेवर ठेवला होता, थ्रॉटल बंद होता आणि दुसऱ्या सिलिंडरला गेज लावलाच नव्हता. असा मोजला तर धडधाकट इंजिनाचाही आकडा पडेल.

त्याचे खोटे पटण्यासारखे होते, हेही कबूल केले पाहिजे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच जाते. आमच्या मोटरला पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलि, असे प्रमाण लागते. पेट्रोल कमी पोहोचले की ऑइलही कमी पोहोचते आणि तशीच पळवत राहिल्यास पिस्टन खरोखरच घासतो. म्हणून चार दिवसांनी त्याने ओरखड्यांनी काळा पडलेला पिस्टन पिशवीत घालून हाती दिला, तेव्हा मला शंका आली नाही. बिल ३६,८०० रुपयांचे होते: सिलिंडर बोअर करून (आतून रुंद करून) अर्धा मिलिमीटर मोठे दोन पिस्टन, रिंगा, गॅस्केट, मजुरी. मी सवयीप्रमाणे बेरीज दोनदा तपासली. ती बरोबर होती.

मोटर पावसाळाभर उत्तम चालली आणि आम्ही त्या मेकॅनिकची शिफारस शेजारच्या दोन गावांना केली.

फेब्रुवारीत इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची पिचकारी बंद झाली. मामांच्या ओळखीने बामणोलीचा एक मेकॅनिक आला, जो शिवसागर जलाशयावर वासोट्याकडे जाणाऱ्या नावांच्या मोटरी सांभाळतो. पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलर झिजला होता; तो त्याने बदलला आणि वरच्या पाण्याच्या वाटा गाळाने तुंबल्या आहेत का हे पाहण्यासाठी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, खोलायला घेतले. पान्हा लावण्याआधीच तो थांबला. “हे हेड कुणी खोललं म्हणता?” हेडच्या बोल्टांवरचा कारखान्यातला रंग सांध्यावरही तुटलेला नव्हता. त्याने प्रथम आम्हाला फोटो काढायला लावले, मग हेड उतरवून व्हर्नियरने माप घेतले. दोन्ही सिलिंडर मूळ मापाचेच होते.

पिशवीतील पिस्टन त्याने हातात घेताच बाजूला ठेवला. त्यावर तीन रिंगांच्या खाचा होत्या आणि तिसरीत बारीक छिद्रे होती. ती ऑइल खरवडणाऱ्या रिंगेची जागा, जी फोर-स्ट्रोक इंजिनात असते. आमच्या मोटरच्या पिस्टनला दोनच रिंगा. कोणत्या तरी मोटारसायकलचा तो पिस्टन आठ महिने माझ्या कपाटात पुरावा म्हणून जपून ठेवलेला होता.

नवे काय होते, तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे पडदा. हा पंप इंजिनाच्या पोटातील दाबाच्या ठोक्यांवर चालतो. पातळ डायफ्राम जुना होऊन ताठरला की मंद गतीला पुरेल एवढे पेट्रोल तो देतो, जोरात पळताना मात्र देऊ शकत नाही आणि मग हाताने दाबलेला फुगा त्याचे काम करतो. शहरातील मेकॅनिकने खरा दोष बरोबर ओळखला होता आणि काही शेकड्यांत दुरुस्तही केला होता. मामांचे वाक्य ऐकून तो हसला होता, पण त्याने ऐकले होते.

आम्ही फोटो घेऊन त्याच्याकडे गेलो. “मोटर चालतेय ना?” एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आणि शेवटी १२,००० रुपये परत केले. बिल कच्चे होते, त्यावर ना सही, ना जीएसटी क्रमांक. तरीही ते, फोटो आणि पिस्टन जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही. शिफारस केलेल्या दोन्ही गावांना मी स्वतः जाऊन सांगितले. मंडळाच्या वहीत २४,८०० रुपये येणे बाकी दाखवले आहेत.