फारो : मुरलेल्या प्रोग्रॅमरने ऑब्जेक्ट नव्याने शिकायचे तर

दहा वर्षं जावा, सी प्लस प्लस किंवा पायथनमध्ये काढलेल्या माणसाला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवणं अवघड जातं, कारण ते आपल्याला येतं अशी त्याची खात्री असते. क्लास लिहिता येतो, इनहेरिटन्स माहीत असतो, डिझाइन पॅटर्नची नावं तोंडपाठ असतात. कोड उघडला की मात्र एक अवाढव्य ‘मॅनेजर’ क्लास दिसतो आणि त्याच्या भोवती नुसते गेटर-सेटर (किंमत वाचायच्या-बदलायच्या मेथड) असलेले क्लास. ही सवय मोडायला आज फारो या प्रोग्रॅमिंग भाषेइतकं चांगलं साधन दुसरं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त ते नेहमीच्या एडिटरसारखं वापरायला गेलात तर पहिल्या आठवड्यातच वैतागून सोडून द्याल.

फारो म्हणजे स्मॉलटॉक या जुन्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेचा आजचा अवतार. स्मॉलटॉक १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स आणि अडेल गोल्डबर्ग यांच्या हातून घडलं. १९९६ मध्ये त्यातून स्क्वीक ही आवृत्ती आली आणि २००८ मध्ये स्क्वीकमधून फारो वेगळं झालं. ते मोफत आहे, मुक्त परवान्यावर आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फारो लाँचर उतरवून घ्या, नवीन इमेज (सगळे ऑब्जेक्ट आणि कोड जिवंत साठवणारी फाइल) तयार करताना यादीतली स्थिर आवृत्ती निवडा, डबल क्लिक करा. बसवण्याचं काम एवढंच. खिडकी उघडल्यावर प्लेग्राउंडमध्ये (कोड करून बघायच्या खिडकीत) ‘प्रोफस्टेफ गो’ एवढं लिहून कंट्रोल-डी दाबलं की आतलाच धडा सुरू होतो. एका बैठकीत तो संपतो, आणि तेवढ्यात सगळं व्याकरण होऊन जातं. राखीव शब्द अगदी मोजके आहेत : ट्रू, फॉल्स, निल, सेल्फ, सुपर, धिसकॉन्टेक्स्ट वगैरे. यात ‘इफ’ नाही, ‘फॉर’ नाही, ‘व्हाइल’ही नाही.

‘इफ’ नसेल तर अट कशी लिहायची? सिस्टिम ब्राउझर (सगळे क्लास दाखवणारी खिडकी) उघडा आणि ट्रू हा क्लास शोधा. त्यात ‘इफट्रू:इफफॉल्स:’ नावाची मेथड आहे आणि तिच्यात एकच ओळ आहे : पहिला ब्लॉक (चौकटी कंसातला कोडचा तुकडा) चालव आणि त्याचं उत्तर परत दे. आता फॉल्स हा क्लास उघडा. तीच मेथड, तीच एक ओळ, फक्त दुसरा ब्लॉक. ‘नॉट’ बघा : ट्रूमध्ये ती फॉल्स परत देते, फॉल्समध्ये ट्रू. कुठेही तपासणी नाही. कोणती ओळ चालायची ते मेसेज (मेथड चालवायची विनंती) कुणाकडे गेला यावरून ठरतं. पॉलिमॉर्फिझमवरच्या (एकच मेसेज, प्रत्येक ऑब्जेक्टचं वेगळं वागणं) शंभर स्लाइड पाहून जे डोक्यात शिरत नाही, ते या दोन क्लासमध्ये पाच मिनिटांत दिसतं. लगेच करून बघायचं असेल तर ट्रूमध्ये ‘चालू’ आणि फॉल्समध्ये ‘बंद’ हा शब्द परत देणारी एकाच नावाची मेथड घाला आणि कंसात ३ > २ लिहून तिला तो मेसेज पाठवा. मूळच्या मेथडना हात लावू नका. ‘नॉट’ बिघडवलीत तर ती वापरणारी अख्खी इमेज कोसळू शकते. ‘इफट्रू:इफफॉल्स:’ बदललीत तर उलट काहीच होणार नाही, कारण वेगासाठी कंपायलर मेसेज न पाठवता तिच्या जागी थेट जंप टाकतो.

ऑब्जेक्टपेक्षा मेसेज महत्त्वाचे, असं ॲलन के यांनी १९९८ मध्ये आवर्जून सांगितलं होतं. फारोमध्ये हे वाक्य पटवून घ्यावं लागत नाही, कारण मेसेज पाठवण्यावाचून दुसरा मार्गच नसतो. इन्स्टन्स व्हेरिएबल बाहेरून कधीच दिसत नाहीत आणि मेथड सगळ्या खुल्या असतात. पब्लिक-प्रायव्हेटचा वाद तिथेच मिटतो.

पण आम्ही गुण देतो ते मुख्यतः डीबगरला. नेहमीच्या भाषांमध्ये डीबगर म्हणजे चूक झाल्यावर शोध घ्यायची जागा. इथे तो कोड लिहायची जागा आहे. पद्धत अशी : आधी टेस्टचा क्लास करा आणि त्यात अजून अस्तित्वातच नसलेल्या ‘लांबी’ क्लासच्या दोन ऑब्जेक्टची बेरीज करा. सेव्ह करताना फारो विचारतं, हा क्लास माहीत नाही, तयार करू का? हो म्हणा. टेस्ट चालवा. बेरजेचा मेसेज कळला नाही म्हणून डीबगर उघडेल. त्यात ‘क्रिएट’चं बटण असतं. क्लास निवडला की रिकामी मेथड तयार होते आणि तुम्ही तिच्या आत, खऱ्या ऑब्जेक्टसमोर उभे असता. आर्ग्युमेंटमध्ये काय आलंय ते खालच्या भागात दिसतं, तपासून बघता येतं. कोड लिहा, सेव्ह करा. मेथड पहिल्यापासून पुन्हा सुरू होते. ‘प्रोसीड’ दाबा, पुढची अडचण येईपर्यंत गाडी चालते. अनुभवी माणसाच्या कामाची रीत बदलते ती इथे, व्याकरणात नव्हे. म्हणून पहिले पंधरा दिवस ब्राउझरमध्ये आधी मेथड लिहिण्याचा मोह कटाक्षाने टाळा. सगळं टेस्टमधून डीबगरमध्ये लिहा.

आता जिथे हमखास ठेच लागते त्या जागा. मेसेजचा क्रम ठरलेला आहे : आधी युनरी (नुसतं नाव), मग बायनरी (+, * सारखी चिन्हं), शेवटी कीवर्ड (‘ॲड:’सारखे कोलनवाले). बायनरी मेसेज डावीकडून उजवीकडे जातात, गणिताचे नियम तिथे चालत नाहीत. २ + ३ * ४ चं उत्तर २० येतं. याहून फसवं उदाहरण १/३ + २/३ चं. फारो अपूर्णांक अचूक ठेवतं, त्यामुळे उत्तर १ येईल असं वाटतं, येतं ७/९. कारण आधी १/३ मध्ये २ मिळवले जातात आणि आलेल्या ७/३ ला ३ ने भागलं जातं. दोन्ही अपूर्णांकांना कंस घातला की १ येतो.

दुसरी ठेच ‘ॲड:’ची. हा मेसेज कलेक्शन परत देत नाही, घातलेली वस्तू परत देतो. नवी ऑर्डर्डकलेक्शन करून त्याच ओळीत त्यात ५ घातले आणि ते व्हेरिएबलला दिलं, तर व्हेरिएबलमध्ये नुसते ५ राहतात. कॅस्केड करून (एकाच ऑब्जेक्टला अर्धविरामाने एकामागून एक मेसेज पाठवून) शेवटी ‘युअरसेल्फ’ (तो ऑब्जेक्ट स्वतः परत देणारा मेसेज) लावायचं ते यासाठी. ओळीच्या शेवटी पूर्णविराम विसरलात तर खालची ओळ वरच्या ओळीलाच मेसेज म्हणून चिकटते आणि ‘स्ट्रिंगला ट्रान्स्क्रिप्ट कळत नाही’ अशा थाटाची विचित्र तक्रार येते (ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे मजकूर छापायची खिडकी). ती दिसली की आधी वरच्या ओळीचा शेवट बघा. स्वतःची समानता लिहिताना ‘=’ बरोबर ‘हॅश’ही लिहावं लागतं, हे जावावाल्यांना सांगायला नको. इंडेक्स १ पासून सुरू होतात, तेही दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

जिवंत इमेजची म्हणून एक खास गंमत आहे. क्लासमध्ये नवं इन्स्टन्स व्हेरिएबल घातलंत तर आधीपासून जिवंत असलेले ऑब्जेक्टही लगेच नव्या आकारात येतात, पण त्यांच्यात ते व्हेरिएबल निल असतं. ‘इनिशियलाइझ’ फक्त नव्या जन्मलेल्यांवर चालतं. त्यामुळे कोड बरोबर असूनही जुन्या इन्स्पेक्टरमधला (ऑब्जेक्ट आतून दाखवणाऱ्या खिडकीतला) ऑब्जेक्ट ‘निलला हा मेसेज कळत नाही’ म्हणून ओरडतो. अशा वेळी कोड उसकटत बसू नका, ऑब्जेक्ट नव्याने तयार करा.

इमेज आणि गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) यांची गल्लत ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक. इमेज सेव्ह करणं म्हणजे चालू अवस्थेचा फोटो काढणं. त्याने कमिट (गिटमध्ये नोंद) होत नाही. कमिट आइसबर्ग या फारोतल्या गिटच्या खिडकीतून करायचं, तिथे प्रत्येक क्लासची वेगळी फाइल होते आणि फरक नीट वाचता येतो. आमचा सल्ला : दर आठवड्याला लाँचरमधून कोरी इमेज काढा आणि आपला कोड गिटमधून तिच्यात चढवा. तो चढला नाही तर काहीतरी फक्त जुन्या इमेजमध्येच राहून गेलंय हे वेळेत कळतं. इमेज मध्येच पडली तरी घाबरू नका. प्रत्येक बदलाची नोंद एपिसिया हे आतलंच साधन ठेवतं, तिथून बदल परत लावता येतात. प्लेग्राउंडमधला कोड खिडक्या हलवणाऱ्या प्रोसेसमध्येच चालतो, म्हणून न संपणारा लूप लिहिला की सगळं गोठतं. विंडोज-लिनक्सवर ऑल्ट आणि टिंब एकत्र दाबून तो तोडता येतो.

उणिवा खऱ्या आहेत. टाइप तपासणी नाही, त्यामुळे मेथडचं नाव बदलताना त्याच नावाच्या भलत्या क्लासमधल्या मेथडही यादीत येतात. ‘नेम’सारखं नाव बदलताना व्याप्ती आपल्या पॅकेजपुरती ठेवलीच पाहिजे. आतले प्रोसेस हलके आहेत, ते एकाहून जास्त कोअर वापरत नाहीत. लायब्ररी पायथनच्या तुलनेत थोड्या आहेत. स्क्रीन बांधायच्या स्पेक या साधनाची जुनी आणि नवी आवृत्ती बरीच वेगळी असल्याने जुने धडे जसेच्या तसे चालत नाहीत. सुरुवातीला स्क्रीनच्या वाटेला न जाणंच बरं. आणि ज्याची बोटं व्हीआय या एडिटरवर बसलेली आहेत त्याला इथला एडिटर पांगळा वाटेल.

रुबी हा जवळचा पर्याय आहे आणि नोकरीच्या दृष्टीने जास्त उपयोगी आहे. पण रुबीमध्ये ‘इफ’ हा भाषेचा भाग आहे, फाइली आहेत, ओळखीचा एडिटर आहे. त्यामुळे जुन्या सवयी तशाच घेऊन त्यात लिहिता येतं. शिकायचा हेतू असेल तर ही सोय आड येते.

रोज एक तास धरून सहा आठवडे द्या. पहिला आठवडा व्याकरण आणि ट्रू-फॉल्ससारखे आतले क्लास वाचण्यात घालवा, पुढचे दोन डीबगरमध्ये टेस्टमधून लिहिण्यात. त्यानंतर आपल्याच जुन्या प्रकल्पातला दोन-तीनशे ओळींचा एखादा तुकडा घ्या, ज्यात प्रकार तपासणाऱ्या अटींची रांग लागली आहे. तो फारोमध्ये नव्याने लिहा, आणि ‘इफट्रू:’ फक्त खऱ्या हो-नाहीच्या प्रश्नासाठी वापरा. ‘हा कोणत्या प्रकारचा आहे?’ असं विचारण्यासाठी एकदाही नाही.