ट्रकचे ९.००-२० टायर काढून १०.००आर२० टाकले, हवा किती ठेवायची? उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गाडी जुनी सहाचाकी, १६.२ टन पासिंगची (मालासकट एकूण वजन). लासलगाव-पिंपळगावचा कांदा भरून वाशी मार्केट, येताना मिळेल तो माल. उन्हाळ्याआधी ९.००-२० चे नायलॉन टायर उतरवून सगळीकडे १०.००आर२० रेडियल (आत तारा असलेले) चढवले. रिमही ७.५ इंची घेतल्या, नाहीतर मागच्या जोडीतले दोन टायर एकमेकांना घासतात. टायरबद्दल तक्रार नाही. डोकं खाल्लं ते हवेने.

पंक्चरवाल्याचं उत्तर ठरलेलं: "शेठ, मोठा टायर आहे, सगळीकडे १२० मारतो." केबिनमधल्या पाटीवरचे आकडे जुन्या मापाचे, त्यामुळे तेही कामाचे नाहीत. टायरवर १२० पौंड (पीएसआय) लिहिलेलं असतं हे खरं, पण ती हवा टायर जास्तीत जास्त पेलेल त्या वजनासाठीची. माझ्या १६ प्लाय (मजबुतीचा दर्जा) टायरवर लोड इंडेक्स १४६/१४३ आहे, म्हणजे एकेरी चाकाला ३००० किलो आणि जोडीत प्रत्येकी २७२५. आपल्या चाकावर तेवढं वजन येतं का, हे कोण बघतो?

म्हणून भरलेली गाडी वजनकाट्यावर घातली. आधी फक्त पुढची चाकं, मग अख्खी गाडी. पुढे ५.३ टन, मागे १०.१. म्हणजे पुढे टायरमागे २६५० किलो, मागे साधारण २५२५. टायर कंपनीच्या वजन-हवा कोष्टकात हे आकडे लावले तर पुढे १०० आणि मागे ११० च्या आसपास येतं. गोण्या कधी एका बाजूला जास्त बसतात, म्हणून थोडं वर धरून पुढे १०५, मागे ११२ ठेवतो. फरक पहिल्याच आठवड्यात कळला: १२० वर रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारायची, ते बरंच कमी झालं. आता नक्षी मधे आणि कडेला सारखीच झिजतेय. रिकाम्या फेरीसाठी मी हवा कमी करत नाही, कारण परतीचा माल कुठे भरेल सांगता येत नाही.

रेडियलचा एक घोळ आहे. हवा बरोबर असली तरी तो खाली थोडा फुगलेला दिसतो, आणि नायलॉनची सवय असलेला ड्रायव्हर लगेच "हवा कमी आहे" म्हणून भरायला लावतो. टॉमी (लोखंडी पहार) मारून आवाज ऐकायचा तर बसलेला टायर कळेल, ९० आणि ११० मधला फरक कुणाच्या कानाला कळत नाही. हवा मोजायचा डायलचा गेज घ्या. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला एक्स्टेन्शनही लावा, तिथे हात पोचत नाही म्हणून तोच टायर तपासायचा राहतो. जोडीतला एक कमी हवेचा असला की दुसऱ्यावर ओझं जातं, दोघेही तापतात.

मोजायचं ते पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना. तापमान १० अंशांनी चढलं की या दाबाला साधारण ४ पौंड वाढतात. चालून तापलेल्या टायरमध्ये १२५ दिसले म्हणून हवा सोडली, तर सकाळी तोच टायर कमी निघणार. समृद्धीच्या सिमेंटवर मे महिन्यात हा मोह जास्त होतो. नायट्रोजनही विकायला बसलेले असतात. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, मी पैसे घालवले नाहीत.

एखादा टायर ठरलेल्या हवेपेक्षा २० टक्क्यांनी खाली, म्हणजे माझ्या मागच्या चाकांत ९० च्या आसपास, चाललेला सापडला तर तिथेच हवा मारू नका. खोलून आतून बघून घ्या. आतल्या तारा दुखावलेल्या असल्या तर भरतानाच साईडवॉल (टायरची बाजू) फाटते.

टायर उंचीला मोठा झाल्याने स्पीडोमीटर आता तीनेक टक्के कमी दाखवतो. स्टेपनीत मात्र १२० च भरून ठेवतो. पुढे लागो की मागे, हवा जागेवर सोडता येते, पण कसारा घाटात भरायला कंप्रेसर कुठून आणणार?