सोरेंतो: मुक्कामाला उत्तम, समुद्रस्नानाला बेताचं

सोरेंतोच्या हॉटेलांच्या फोटोंत समुद्र हमखास असतो. पुळण दिसत नाही, कारण ती जवळपास नाहीच. नेपल्सच्या आखाताच्या दक्षिण काठावरचं हे इटालियन गाव सुमारे ५० मीटर उंच उभ्या कड्यावर वसलंय. वर गाव, खाली पाणी आणि मधे जिने. गुहागर किंवा काशीद डोळ्यांसमोर ठेवून आलात तर पहिल्याच दुपारी हिरमोड ठरलेला.

समुद्रात उतरायला कड्याच्या पायथ्याशी खांबांवर बांधलेले फळ्यांचे धक्के आहेत. त्यांवर खाटा आणि छत्र्या दिवसाच्या भाड्यानं मिळतात. पाण्याजवळच्या रांगेला सहसा जास्त मोजावे लागतात. फळ्यांवरून शिडीनं थेट पाण्यात उतरायचं, त्यामुळे पोहता न येणाऱ्यांची आणि लहान मुलांची पंचाईत होते. फुकटची जागा आहे, पण चिंचोळी, आणि जुलैमध्ये तिथे सकाळी दहाला टॉवेल टाकायलाही कोपरा उरत नाही. कापो दी सोरेंतोजवळ, रोमन व्हिलाच्या अवशेषांपाशी खडकांनी वेढलेलं एक नैसर्गिक कुंड आहे, बान्यी रेजिना जोव्हान्ना. ते सुंदर आहे, पण वाट उताराची आणि खडक धारदार. रबरी तळव्याचे बूट हवेतच. गावातून खालच्या बंदराला जायला व्हिल्ला कोमुनाले बागेतून लिफ्ट आहे. थोडे पैसे पडतात, पण गुडघे वाचतात.

मग इथे राहायचं कशासाठी? गाडी न चालवता पॉम्पेईचं प्राचीन शहर, काप्री बेट आणि अमाल्फी किनारा तिन्ही रोज जाऊन-येऊन करता येतं, यासाठी. या एका गोष्टीत आसपासचं दुसरं कुठलंही गाव सोरेंतोच्या जवळपास येत नाही. अमाल्फी किनाऱ्यावरचं पोझितानो फोटोत सरस दिसतं, पण तिथे रेल्वे नाही आणि सूटकेस पायऱ्यांवरून ओढायची.

नेपल्सहून इथे येते ती चिर्कुमवेसुवियाना ही लोकल. मोठ्या स्थानकाच्या तळमजल्याखालचा गारिबाल्दी फलाट, सव्वा तासाच्या आत-बाहेर प्रवास, तिकीट पाच युरोंच्या आसपास. जुन्या डब्यांत एसी नाही, सामानाला वेगळी जागा नाही आणि गर्दीत खिसेकापू आहेत. मुंबई लोकलची सवय असलेल्यांना वेगळं सांगायला नको. बसायला जागा हवी असेल तर एक स्थानक मागे, पोर्ता नोलानाला जाऊन चढा. गाडी तिथून सुटते आणि मोठ्या स्थानकापासून ते चालत दहा मिनिटांवर आहे. डब्यावर ‘सोरेंतो’ लिहिलेलं बघूनच चढायचं. पोज्योमारीनोची गाडीही पॉम्पेईला जाते, पण ती उत्खननापासून लांब, आजच्या गावात उतरवते. सोरेंतोच्या मार्गावरचं पॉम्पेई स्कावी स्थानक मात्र प्रवेशद्वाराच्या अगदी समोर आहे आणि सोरेंतोहून ते जेमतेम अर्ध्या तासावर. हंगामात कांपानिया एक्सप्रेस नावाची एसी गाडीही धावते. भाडं साध्या गाडीच्या सुमारे तिप्पट. सामान असेल तर ते वसूल होतं. स्थानकावर ‘शोपेरो’ असा कागद चिकटवलेला दिसला की संप आहे असं समजा. पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकीट नावावर असतं, तेव्हा ते आधी काढा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा.

अमाल्फीची बस सोरेंतो स्थानकाच्या बाहेरूनच सुटते. तिकीट आधी ‘टी’ पाटीच्या तंबाखूच्या दुकानातून घ्यायचं आणि बसमध्ये चढताच यंत्रात छापून घ्यायचं. जाताना उजवीकडची खिडकी पकडा, समुद्र त्याच बाजूला आहे. पोझितानोला तासभर, अमाल्फीला त्याच्या दीडपट, आणि वळणांचा त्रास होत असेल तर गोळी अर्धा तास आधी. सोरेंतोहून जागा मिळते. खरा घोळ परतताना होतो. भरलेली बस मधल्या थांब्यावर न थांबता निघून जाते आणि पोझितानोच्या वळणावर लोक ताटकळत राहतात. म्हणून जाताना बस आणि येताना बोट, हा क्रम बरा. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. समुद्र खवळला की बंद.

काप्रीला वेगवान बोटीनं वीस-पंचवीस मिनिटं लागतात. इथे नावांची गंमत आहे. सोरेंतोत बोटी सुटतात त्या मारिना पिक्कोलाहून, म्हणजे ‘लहान’ बंदरातून. ‘मोठं’ मारिना ग्रांदे ही कोळ्यांची छोटी वस्ती. काप्रीत उलटं, तिथे बोट लागते ती मारिना ग्रांदेलाच. घाईच्या सकाळी टॅक्सीवाल्याला चुकीचं नाव सांगणारे कमी नसतात. काप्रीतल्या प्रसिद्ध निळ्या गुहेचं (ब्लू ग्रोटो) तोंड पाण्यावर जेमतेम मीटरभर उंच आहे, त्यामुळे थोड्याशा लाटांतही ती बंद ठेवतात. काप्रीचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठेवा, म्हणजे बोट रद्द झाली तरी पुढे सरकवता येतो.

हॉटेल शोधताना नकाशा उघडा, नाव वाचून भुलू नका. ‘सोरेंतो’ म्हणून विकली जाणारी कित्येक हॉटेलं टेकडीवर, बसच्या वेळापत्रकावर अवलंबून असलेल्या वस्त्यांत आहेत. पिआत्सा तास्सो चौक आणि रेल्वे स्थानक यांच्यामधला भाग सोयीचा. रस्त्याकडच्या खोल्यांत स्कूटरचा आवाज येतो, तेव्हा मागची, लिंबाच्या बागेकडची खोली मागून घ्या. समुद्राच्या खोलीचे जादा पैसे दिवसभर बाहेर भटकणाऱ्यांनी देऊ नयेत. बजेट आखडतं असेल तर अगदी शेजारचं स्थानक सांतान्येल्लो: शांत, सहसा स्वस्त आणि चौकापर्यंत चालत येण्याजोगं. दर माणशी दर रात्रीचा गावाचा कर हॉटेलात वेगळा भरावा लागतो.

शाकाहाऱ्यांची इथे चांगली सोय आहे. न्योक्की आल्ला सोरेंतिना म्हणजे बटाट्याचे मऊ गोळे, टोमॅटोची चटणी, चीज आणि बेझिल, मातीच्या भांड्यात भाजलेले. भांडं येतं तेव्हा कडेला चीज अजून खदखदत असतं, पहिला घास सावकाश. वांग्याची पार्मिज्यानाही मागवा. मरिनारा पिझ्झा नावावरून माशांचा वाटतो, पण त्यात फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. उलट ‘अलीची’ किंवा ‘अच्चूगे’ शब्द दिसला तर मासे आहेत. कडक शाकाहार असेल तर लक्षात ठेवा, पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असतं. जैन जेवणाची अपेक्षा ठेवू नका. बिलात ‘कोपेर्तो’ हे बसण्याचे पैसे माणशी लागतात. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त.

मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर हे दिवस चांगले. ऑगस्टमध्ये सगळी इटली सुट्टीवर असते, नोव्हेंबरनंतर पाऊस आणि बरीच हॉटेलं बंद. तीन रात्री किमान, चार असतील तर हवामानाचा एक दिवस हाताशी राहतो. फक्त पॉम्पेई बघायचं असेल तर नेपल्समध्येच राहा, सोरेंतोचा फेरा कशाला! आणि मुलांना वाळूत खेळवायचं असेल तर सरळ इस्किया बेटावर मारोंती किनाऱ्याजवळ खोली घ्या.

परतीच्या विमानाच्या दिवशी लोकलच्या भरवशावर राहू नका. नेपल्स विमानतळाची थेट बस सव्वा तासाची आहे, पण रस्ता एकच आणि अरुंद. रविवारी संध्याकाळी तो तुंबतो. हिशेबानं पुरेल त्या बसच्या आधीची बस धरा.