डच कंपनीच्या पगारवह्या ऑनलाइन: सात-आठ महिने वापरल्यानंतर

नेदरलँड्समध्ये अर्ली मॉडर्न युरोपच्या इतिहासात एमए करतेय. प्रबंध डच ईस्ट इंडिया कंपनीच्या, म्हणजे व्हीओसीच्या, जहाजांवर भरती होणाऱ्या परदेशी खलाशांवर आहे. अठराव्या शतकात कंपनीची निम्मी माणसं जर्मन मुलखातली नाहीतर स्कँडिनेव्हियातली. त्यामुळे हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा कंपनीच्या नोकरांचा डेटाबेस सप्टेंबरपासून जवळजवळ रोज उघडावा लागतो.

१६९९ ते १७९४ या काळातल्या जहाजांच्या पगारवह्यांमधून प्रत्येकाचं नाव, गाव, हुद्दा, जहाज, निघाल्याची तारीख आणि नोकरी कुठे, कशी संपली एवढं त्यात उतरवून घेतलंय. साडेसहा लाखांच्या वर नोंदी, सगळं फुकट. आणि नोंदीवरून थेट वहीच्या पानाच्या स्कॅनवर जाता येतं. ही एक सोय नसती तर मी हा विषय घेतलाच नसता.

कारण खरी गंमत पानात आहे. आपल्या कीर्दीच्या उलट मांडणी: नावे डावीकडे, जमा उजवीकडे. साध्या खलाशाच्या पानावर डावीकडे आधी दोन महिन्यांचा आगाऊ पगार, मग सामानाची पेटी, मग कर्जरोखा, बहुतेकदा १५० गिल्डरचा (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच चलन). भरती होईपर्यंत बंदरात ज्याच्याकडे राहिला-जेवला त्याला हा रोखा लिहून दिलेला. पगार महिना नऊ-दहा गिल्डर. म्हणजे जहाज सुटायच्या आधीच वर्षाहून जास्त कमाई गहाण! कंपनी रोख्याचे पैसे खलाशाने कमावले तसतसेच देई. तो वाटेत मेला तर उरलेले बुडाले. घरमालकाला एवढा धीर कुठला, तो रोखा पडत्या भावाने दलालाला विकून मोकळा व्हायचा. उजवीकडे पगार जमा होत जातो आणि एखाद्या पानावर मध्येच मृताच्या सामानाच्या लिलावाची रक्कम दिसते. हा लिलाव जहाजावरच व्हायचा, विकत घेणारे त्याचेच सोबती. सदरे, पायजमे, पेटी, जे असेल ते.

डेटाबेसमध्ये मात्र यातलं फक्त ‘कर्जरोखा: आहे / नाही’ इतकंच दिसतं. घरच्यांना वर्षाला तीन महिन्यांपर्यंतचा पगार मिळण्याची सोय होती, तिचंही तसंच. रकमा हव्या असतील तर पानं एकेक करून वाचा. म्हणजे अठराव्या शतकातलं डच हस्ताक्षर आलं. मोडी शिकलेल्यांनी घाबरू नये. सरावाने डोळा बसतो, आणि हिशेबाच्या पानावर तेच तेच शब्द येत राहतात. डच भाषा मात्र हवीच; नुसत्या इंग्रजीवर निभावणार नाही.

सगळ्यात जपायचं ते मोजताना. इथली एक नोंद म्हणजे एक माणूस नव्हे, एक करार. तीनदा जहाजावर चढलेला गडी तीनदा दिसतो, आणि कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिल्यामुळे तिन्ही वेळा नावाचं स्पेलिंग वेगळं. त्यात बापाच्या नावावरून पडणारी आडनावं. ‘यान यान्स’ शोधून बघा, कोल्हापुरात ‘पाटील’ अशी हाक मारल्यासारखं होतं. ‘इतके टक्के नॉर्वेचे’ असं वाक्य वर्गात कोणी टाकलं की माझा पहिला प्रश्न असतो, माणसं मोजलीस की करार?

गावांचंही तेच त्रांगडं. ‘बेर्गेन’ नॉर्वेतलं असेल, उत्तर हॉलंडमधलं असेल, बेर्गेन ऑप झोमचं आखूड रूप असेल, नाहीतर आजच्या बेल्जियममधलं मोन्स. मी आधी हुद्दा आणि जहाज बघते, मग पान उघडते, आणि तरीही शंका उरली तर ती नोंद वेगळ्या रकान्यात टाकते. नकाशे काढायची हौस असलेल्यांनी हे काम आधी उरकावं, कारण सुंदर रंगीत नकाशा एकदा तयार झाला की त्यावर शंका घ्यायला कोणाचं मन होत नाही.

सतराव्या शतकावर काम करायचं असेल तर हे दार बंद समजा. मला गावाकडून वेंगुर्ल्याच्या डच वखारीबद्दल, शिवकाळाबद्दल विचारणा होते. त्यासाठी कंपनीचा पत्रव्यवहार बघायचा, पगारवह्या नव्हेत. त्या पत्रांचं यंत्राने केलेलं वाचन आता ऑनलाइन शोधता येतं. ते चुकतं बऱ्यापैकी, पण कुठलं पान उघडायचं तेवढं कळतं.

एका वर्षाच्या, ६० क्रेडिटच्या एमएत प्रबंधाला हाताशी येतात जेमतेम काही महिने. तेवढ्यात हे साधन झेपायचं असेल तर एकच कचेरी आणि चार-पाच वर्षांचा तुकडा घ्या. कंपनीच्या सहा कचेऱ्यांपैकी ॲमस्टरडॅमचा पसारा सगळ्यात मोठा, म्हणून मी होर्नची कचेरी घेतली. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कर्जरोख्याच्या रकमेचा रकाना नाही म्हणून कापलाय.