यार्डात चांगली, वावरात मेली: जुनी मिनी पोकलेन घेणाऱ्यांसाठी

आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याच्या बागेत चर काढावेच लागतात. काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की मुळं सडतात, डिंक्या लागतो आणि बाग हातची जाते. पण जुन्या बागेत जेसीबी घालणं म्हणजे डोकेदुखी. दोन ओळींत अठरा-वीस फूट अंतर असतं खरं, पण झाडांचा घेर वाढला की मधे वाट उरते जेमतेम. वळताना फांद्या मोडतात, ओल असली की टायर रुततात. म्हणून मी आणि दादा, माझा मोठा चुलतभाऊ, आम्ही मिनी पोकलेन घ्यायचं ठरवलं. तीन टनी, रबरी ट्रॅकवाली, रुंदी पाच फुटांच्या आसपास. घरच्या कामापुरती, बाकी काही नाही. नवीचं कोटेशन पाहून दादा म्हणाला, "एवढ्यात तं वावर येते लेका." मग जुनी पाहायला लागलो.

नागपूरच्या बाहेर एका यार्डात सौदा झाला. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

आम्ही पोचलो तेव्हा मशीन सुरूच होती. "सकाळीच एका पार्टीला ट्रायल दिली भाऊ," मालक म्हणाला. मीटरवर 2,300 तास, रंग झकास. समोर मोकळ्या मुरमाचा ढीग, त्यात ऑपरेटरने पंधरा-वीस मिनिटं बकेट भरून दाखवली. हात लोण्यासारखा चालत होता. तेवढ्यात एक मेस्त्री "सहज" यार्डात आला, त्यानेही पिना हलवून पाहिल्या आणि मान डोलावली. हा मेस्त्री यार्डाचाच माणूस होता, हे नंतर कळलं. सौदा साडेसात लाखांवर ठरला.

गावात मशीन उतरली, पहिला तास सुंदर गेला. दीड तास झाला आणि बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, जडावला. बकेट भरली की वर यायला रडायची. वळवायला गेलं की डावा ट्रॅक मागे राहायचा, मशीन आपोआप एका बाजूला ओढायची. बंद करून थंड होऊ दिली की पुन्हा ठणठणीत! दोन दिवस हाच खेळ.

वरुडच्या आमच्या मेस्त्रीने हायड्रॉलिक टाकीतलं ऑइल दोन बोटांत घोळलं आणि म्हणाला, "हे काहून इतकं जाड आहे?" अशा मशीनला साधारण 46 नंबरचं ऑइल चालतं, यात त्याहून बरंच घट्ट भरलं होतं. पंप झिजला की ऑइल आतल्या आतच गळतं, दाब तयार होत नाही. ऑइल घट्ट असेल तर ती गळती काही वेळ झाकली जाते. तापून पातळ झालं की सोंग उघडं पडतं. यार्डातली ट्रायल वीस मिनिटांत का आटोपली, ते तिथे समजलं. आणि मशीन आधीच सुरू का होती, तेही. थंड इंजिन पहिल्या चावीला उठतं की धूर ओकत उठतं, हे आम्हाला दिसू द्यायचं नव्हतं. म्हणजे सुरू होण्यापुरती गरम, पण उघडी पडेल इतकी नाही. या लोकांचा हिशेब फार पक्का असतो, मानलं पाहिजे.

मग मेस्त्रीने रिटर्न फिल्टर, म्हणजे टाकीत परत येणारं ऑइल गाळणारा फिल्टर, हॅक्सॉने कापला. आतला कागद पेपरावर पसरून उन्हात धरला, तर घड्याघड्यांत पिवळी चमक. पंपाच्या आतलं पितळ घासून आलेलं. एवढं दिसल्यावर विचारायचं काही राहिलं नाही.

पुढे मशीनवरची कंपनीची नंबर प्लेट पाहिली. आजूबाजूचा रंग जुना, प्लेटच्या रिबेटा मात्र कोऱ्या करकरीत. चेसिसवर ठोकलेला नंबर ग्रीस खरवडून काढला आणि तो घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांच्या नोंदीत दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला 4,870 तास. मीटर मागे फिरवलं होतं, नाहीतर बदललं होतं. टायरवाल्या जेसीबीला आरटीओचं पुस्तक तरी असतं. ट्रॅकवाल्या पोकलेनला सहसा ते नसतं, मूळ बिल हाच मालकीचा कागद. आम्हाला मिळालं ते फक्त यार्डाचं बिल.

त्या बिलाची गोष्ट सगळ्यांनी नीट वाचा, कारण मशीनपेक्षा मोठा चुना तिथे लागतो. साडेसातपैकी बिल 5 लाख 60 हजारांचं. उरलेले 1 लाख 90 हजार रोख, "अठरा टक्के जीएसटी कशाले भरता भाऊ" म्हणून. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, म्हणून आकडा बरोबर त्याच्या आत. आणि जीएसटीचं म्हणाल तर जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला, त्याने इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं नसेल तर, खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरता येतो. पूर्ण किमतीवर अठरा टक्क्यांची भीती दाखवायचं कारणच नव्हतं. आज त्या रोख रकमेचा आमच्याकडे चिठोराही नाही.

बिलावर खाली "जसे आहे तसे" हा शिक्का. आणि वर आमच्या आडनावापुढे त्याने स्वतःहून "कन्स्ट्रक्शन" जोडलं होतं, "असं लिहिलं की सोपं जाते." कोणाला सोपं, ते वकिलांनी सांगितलं. व्यापारासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही. स्वतः राबून पोट भरायला घेतली असेल तर बसते. त्या एका शब्दावर आता ग्राहक आयोगात वाद चालू आहे. आम्ही सातबारा आणि बागेचे फोटो लावले आहेत. पोलीस ठाण्यात आधी "दिवाणी मामला आहे" म्हणून बोळवण झाली. सर्व्हिस सेंटरची नोंद जोडून भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली अर्ज दिला, तेव्हा तो घेतला गेला. फोनवर मालकाचं एकच पालुपद, "जुना माल हाय भाऊ."

तुम्ही पाहायला जाणार असाल तर न सांगता सकाळी लवकर जा आणि आधी सायलेन्सरजवळ हात न्या. गरम लागला तर चहा पिऊन परत घरी. थंड असेल तर सुरू करायला लावा, इंजिन ऑइलचं झाकण उघडून धूर पाहा, आणि मग कडक जमिनीत दोन तास खोदायला लावा. डिझेलचे पैसे तुम्ही द्या, काही बिघडत नाही. बूमच्या जोरावर एक बाजू उचलून तो ट्रॅक हवेत फिरवा, मग दुसरी बाजू. दोन्हींचा वेग सारखा हवा. भरलेली बकेट वर धरून इंजिन बंद करा आणि पाच मिनिटं नुसतं बघत उभे राहा, किती खाली येते ते. मेस्त्री गावातूनच न्यावा. त्याची दिवसभराची मजुरी आणि एसटीचं तिकीट हा त्या दिवसाचा सगळ्यात स्वस्त खर्च असतो. फायनान्सची एनओसी, म्हणजे मशीनवर कर्ज बाकी नसल्याचं पत्र, त्याची मूळ प्रत पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

आमच्या पंपाचं आणि डाव्या ट्रॅकच्या मोटरचं कोटेशन पावणेतीन लाख आलंय. चर सध्या मजूर लावून काढतो आहोत. आपल्या भागात आणखी कोणाचा असाच सौदा झाला असेल तर बिल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, कापलेला फिल्टर, काही फेकू नका. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते.